फिरत्या चुंबकीय क्षेत्रात लोहद्रवाचा थेंब : दांडिया बाजारातल्या वर्कशॉपच्या नोंदी

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आजोबा कलाभवनात शिकले, वडिलांनी दुकान टाकलं, आता मी बसतो. पंपाची मोटर येते, जळलेलं वाइंडिंग काढायचं, नवं भरायचं, वार्निश करून परत द्यायची. पुतणी विद्यापीठात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. दिवाळीत ती म्हणाली, "काका, तुम्ही रोज फिरतं क्षेत्रच तर तयार करता. त्यात मधल्या फिरणाऱ्या रोटरऐवजी लोहद्रवाचा थेंब ठेवला तर काय होईल?" मी म्हटलं, करून बघू. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा काम करायचं ठरलं.

लोहद्रव म्हणजे फेरोफ्लुइड. केरोसीन किंवा पाण्यात मॅग्नेटाइटचे साधारण 10 नॅनोमीटरचे कण असतात. कणांवर लेप असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत. 1963 मध्ये नासाच्या पॅपेल यांनी रॉकेटच्या इंधनासाठी तो बनवला होता. आमचा आधार म्हणजे 1994 चा एक शोधनिबंध. बाक्री, सेबर्स आणि पेर्झिन्स्की यांनी त्यात लोहद्रवाचे बारीक थेंब फिरत्या क्षेत्रात ठेवले. क्षेत्र वाढवत नेलं तसा थेंब आधी चपटा झाला, मग अळीसारखा लांब, मग पुन्हा चपटा, आणि शेवटी कडेला टोकं फुटून तारामाशासारखा. तो तारा आम्हाला बघायचा होता.

3 डिसेंबर 2023

घरचं होतं तेच आधी वापरलं. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या थ्री-फेज मोटरचा स्टेटर, म्हणजे वाइंडिंग असलेला बाहेरचा स्थिर भाग, रोटर काढलेला. डिमरस्टॅटवरून, म्हणजे लाइनचे व्होल्ट कमीजास्त करायच्या यंत्रावरून, 40 व्होल्ट दिले. नवं वाइंडिंग तपासायला आम्ही आत बेअरिंगचा छर्रा सोडतो, तसाच सोडला. छर्रा कडेने सुसाट फिरला. क्षेत्र उत्तम होतं.

चूक पुढे झाली. रोटर नसला की स्टेटर जास्त करंट ओढतो, हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. तरी चहाला गेलो तेव्हा स्विच चालू राहिला. परत आलो तर वार्निशचा वास आणि एक फेज काळा. कारीगराचा अर्धा दिवस आणि तांबं, दोन्ही गेलं.

स्टेटर सोडून दिला, पण तो जळल्यामुळे नाही. एकतर त्यात फक्त 50 हर्ट्झ मिळतात, आणि आम्हाला वारंवारता कमीजास्त करायची होती. दुसरं म्हणजे थेंब मिठाच्या पाण्यात ठेवायचा आहे. डिमरस्टॅट लाइनपासून वेगळा नसतो. लाइनचा करंट आणि मिठाचं पाणी एका टेबलावर नको, असं पुतणी म्हणाली आणि ते बरोबर होतं. कुणी हा प्रयोग करणार असेल तर 12 व्होल्टच्या अडॅप्टरवरच करा.

10 डिसेंबर

ऑनलाइन मागवलेली लोहद्रवाची बाटली आली, 1,450 रुपये. मागवताना तेलात असलेला मागितला होता. पाण्यात एक थेंब सोडला आणि सगळं ग्लासभर पाणी काळं झालं. पाण्यात विरघळणारा प्रकार पाठवला होता. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. दुसरीकडून केरोसीनवाला मागवला, 1,800 रुपये. आठवडा वाया गेला. पहिली बाटली फेकणार होतो, पुतणीने कपाटात ठेवली.

17 डिसेंबर

कॉइली. दोन जोड्या, एकमेकींना काटकोनात. प्रत्येक जोडीतल्या दोन कॉइलींमधलं अंतर त्रिज्येएवढं ठेवलं, म्हणजे मध्यभागी क्षेत्र एकसारखं मिळतं. आतली जोडी 5 सेंटीमीटर त्रिज्येची, बाहेरची साडेसहाची. सगळ्या कॉइलींना 22 गेजचे 200 आटे. लाकडी फर्म्यावर गुंडाळून सुतळीने बांधून वार्निश केलं. तार साधारण एक किलो लागली, 950 रुपये.

एका जोडीला साइन लहर आणि दुसरीला 90 अंश मागे असलेली साइन लहर दिली की मध्यात क्षेत्र फिरतं. सिग्नल ईएसपी32 या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डमधून घेतला. त्याला आवाजाच्या कार्डासारखे दोन डॅक, म्हणजे आकड्यांचे व्होल्ट करणारे भाग, आहेत, पिन 25 आणि 26. पुढे पंधरा-पंधरा वॅटचं दोन चॅनेलचं ब्रिज अॅम्प्लिफायर. बोर्ड 450, अॅम्प्लिफायर 220.

24 डिसेंबर

आजचा दिवस मिठात गेला. केरोसीनवाला लोहद्रव पाण्यापेक्षा जड असतो, तळाशी जाऊन काचेला टेकतो. टेकला की तपकिरी डाग पडतो आणि थेंब तिथेच धरून बसतो. म्हणून पाणी थेंबाइतकंच जड करायचं. घरातलं आयोडीनचं मीठ घातलं तर पाणी दुधाळ झालं, त्यात ढेकळं न होण्यासाठी काहीतरी मिसळलेलं असतं. खंडेराव मार्केटजवळून खडे मीठ आणलं, विरघळवून कापडातून दोनदा गाळलं. लिटरला सुमारे 350 ग्रॅम मीठ घातलं की पाण्याची घनता 1.2 च्या आसपास जाते, त्यावर थेंब तरंगतो.

नेमका अधांतरी राहणारा खारेपणा साधायला चमच्याने मीठ-पाणी करत तीन तास घालवले. मग पुतणीने दुसरीच युक्ती केली. खाली घट्ट खारं पाणी, वरून चमच्याच्या पाठीवरून हळूहळू पातळ खारं पाणी. दोन्हींच्या मधल्या थरात थेंब आपोआप जाऊन थांबला. काळा, गोल, चकचकीत, मोठ्या ज्वारीच्या दाण्याएवढा, कुठेही न टेकलेला. कारीगर बाजूला उभा होता, तोही बराच वेळ बघत राहिला.

काच आधी डिटर्जंटने घासा, भरपूर धुवा आणि थेंब सोडण्याआधी पाणी भरा. कोरड्या काचेला थेंब लागू देऊ नका. अॅक्रिलिकची डबी वापरली होती, तिचा डाग अजून निघालेला नाही.

31 डिसेंबर

1 हर्ट्झ, 2 हर्ट्झ, 5 हर्ट्झ लावले, थेंब हललासुद्धा नाही. कॉइल तपासल्या, ठीक. बोर्डचा सिग्नल ठीक. दुपार गेली. शेवटी अॅम्प्लिफायर उलटा करून बघितला. इनपुटला 0.22 मायक्रोफॅरडचे कंडेन्सर होते. गाण्यांसाठी बनवलेला अॅम्प्लिफायर, 20-25 हर्ट्झच्या खालचं तो आत येऊच देत नाही. ते काढून 10 मायक्रोफॅरडचे लावले. 1 हर्ट्झला थेंब सरळ घड्याळाच्या काट्यासारखा फिरायला लागला. कारीगर ओरडला, "काका, आ तो पोते फरे छे!" हा तर आपोआप फिरतोय!

7 जानेवारी 2024

40 हर्ट्झ. व्हॉल्यूम हळूहळू वाढवला. थेंब लांबला आणि तसाच राहिला, शेंगदाण्यासारखा. शोधनिबंधातली अळी मिळाली म्हणून आम्ही फोटो काढले, घरी सगळ्यांना दाखवले. वहिनींनी शिरा केला.

रात्री पुतणीने निबंध पुन्हा वाचला आणि फोन केला. "काका, त्यांची अळी क्षेत्राच्या दिशेने सावकाश फिरते. आपला थेंब पूर्व-पश्चिम झोपलाय, फिरत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी कॉइलींची चौकट टेबलावर पाव वळण फिरवली. थेंबही तिच्याबरोबर वळून उत्तर-दक्षिण झोपला. म्हणजे लांबपणा कॉइलींचा होता, थेंबाचा नव्हता.

एसएस49ई नावाचे चाळीस रुपयांचे दोन हॉल सेन्सर आणले, चुंबकीय क्षेत्र मोजणारे. गॉस हे क्षेत्राचं माप, आणि हे गॉसला 1.4 मिलिव्होल्ट देतात. मध्यात काटकोनात बसवून ऑसिलोस्कोपवर एक्स-वाय लावलं, म्हणजे एका सेन्सरचं माप आडवं आणि दुसऱ्याचं उभं. वर्तुळ दिसायला हवं होतं, तिथे लांबट अंडं होतं. कमी वारंवारतेला आतल्या जोडीचं क्षेत्र 54 गॉस, बाहेरच्या जोडीचं 32. कारण माझ्याच धंद्यातलं आहे. बाहेरची कॉइल मोठी, तार लांब, रेझिस्टन्स जास्त, म्हणून करंट कमी. वर त्रिज्या मोठी, म्हणून तेवढ्याच करंटला क्षेत्रही कमी. दोन्हीकडून मार. मोटरमध्ये सगळे फेज सारखे असतात, त्यामुळे "सगळीकडे 200 आटे" हे हाताने आपोआप लिहिलं. थेंबाला क्षेत्र दर फेरीत दोन वेळा जिकडे जास्त ओढतं, तो तिकडे पसरून राहतो. क्षेत्र अंडाकृती असेल तर काहीही न फिरता लांब थेंब मिळतो, आणि नवशिक्याला तो शोध वाटतो.

या एका गोष्टीत आमचे तीन आठवडे गेले. थेंब टाकण्याआधी वर्तुळ बघितलं असतं तर हे टळलं असतं.

14 जानेवारी

उत्तरायण. काम नाही. सगळं शहर गच्चीवर.

21 जानेवारी

बाहेरची जोडी नव्याने. 20 गेज तार घेतली, रेझिस्टन्स खाली येण्यासाठी. साडेसहा सेंटीमीटरच्या फर्म्यावर 260 आटे भरले. जाड तारेने बंडल पावणेदोन सेंटीमीटरचं झालं आणि ते आतल्या जोडीवर घासायला लागलं, बसेचना. कागदावर मी फक्त त्रिज्या मोजली होती, बंडलाची जाडी नाही. फर्मा 7 सेंटीमीटरचा केला, 280 आटे. तार 1.45 किलो, सुमारे 1,350 रुपये. जुनी 22 गेज तार दुसऱ्या पंपात वापरून टाकली, ती वाया गेली नाही.

आता बाहेरून 46 गॉस मिळाले. आतल्या चॅनेलचा व्हॉल्यूम थोडा उतरवून तिकडेही 46. 1 हर्ट्झला ऑसिलोस्कोपवर बांगडीसारखं गोल वर्तुळ.

28 जानेवारी

50 हर्ट्झला गेलो आणि बांगडी पुन्हा तिरकी. बाहेरच्या जोडीचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला अडवण्याचा कॉइलचा गुण, आतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट, साधारण 31 मिलिहेन्री विरुद्ध 11. त्यामुळे बाहेरचा करंट 24-25 अंश जास्त मागे पडतो. आधी बोर्डच्या प्रोग्राममध्ये 90 च्या जागी प्रत्येक वारंवारतेला वेगळा कोन टाकून बघितलं. गोल झालं, पण जोर राहिला नाही. 100 हर्ट्झला बाहेरच्या जोडीत जेमतेम 15 गॉस.

मग दुकानातलं औषध आठवलं. एकफेजी पंपाच्या मोटरीला लागणारे स्टार्टिंग कंडेन्सर. कॉइलला सिरीजमध्ये योग्य कंडेन्सर लावला की ठरावीक वारंवारतेला इंडक्टन्सचा अडथळा निघून जातो आणि फेजही सरळ होतो. 100 हर्ट्झसाठी बाहेरच्या जोडीला 80 च्या आसपास मायक्रोफॅरड आणि आतल्या जोडीला 230 हवे होते. खोक्यात 80-100 आणि 100-120 चे पडलेले होते. यांच्यावरचा छापील आकडा अंदाजेच असतो, प्रत्येक मीटरवर मोजून निवडला. बाहेर एक, आत दोन पॅरलल.

घाई करून आधी साधा इलेक्ट्रोलिटिक लावला होता, अॅम्प्लिफायरच्या जुन्या डब्यातला. त्याला प्लस-मायनस असतं, एसीवर चालत नाही. दोन मिनिटांत फुगला आणि झाकण फुटून धूर आला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. पंपाचा स्टार्टिंग कंडेन्सर दोन्ही दिशांनी चालतो, तोच घ्या.

स्टार्टिंग कंडेन्सर लावल्यावर 100 हर्ट्झला दोन्हीकडे 45 गॉसच्या वर, आणि वर्तुळ गोल. या संध्याकाळी मी खूश होतो.

4 फेब्रुवारी

मोठा थेंब, साधारण 6 मिलिमीटर. कमी वारंवारतेच्या फेऱ्या कंडेन्सर काढून, प्रत्येक वेळी आधी वर्तुळ बघून.

1 हर्ट्झला थेंब लांबतो आणि क्षेत्राबरोबर फिरतो. 3 हर्ट्झला तो मागे पडायला लागतो. मधला भाग फिरतो, पण दोन्ही टोकं पाण्यात अडकल्यासारखी मागे राहतात आणि थेंब अवग्रहासारखा, ऽ असा वाकतो. 6 हर्ट्झच्या आसपास कंबर बारीक होत होत तुटते. दोन थेंब समोरासमोर राहून एकमेकांभोवती फिरतात, दोघी मुलींनी हात धरून फुगडी घालावी तसे. क्षेत्र बंद केलं की एक-दोन मिनिटांत जवळ येऊन पुन्हा एक होतात. हे आम्ही दहा-बारा वेळा केलं, दर वेळी तसंच.

एका जोडीच्या तारांची टोकं उलटी केली की फिरण्याची दिशा उलटते. मोटरला दोन फेज अदलाबदल करतो त्याचंच हे भावंड.

कंडेन्सर लावून 100 हर्ट्झला थेंब कुठेच लांबत नाही, आडवा चपटा होतो. 6 चा 7 मिलिमीटर झाला असेल, वरून दाबलेल्या पेढ्यासारखा. त्याच्याभोवती पाण्यातले बारीक कण सावकाश गोल फिरत होते, म्हणजे थेंब आजूबाजूचं पाणीही ओढत होता. तारा नाही, अळी नाही, व्हॉल्यूम पूर्ण वाढवूनही.

पुतणीने कारण सांगितलं आणि मला ते पटलं. केरोसीन आणि पाणी यांच्यामधलं ताणलेलं कातडं फार घट्ट असतं. 46 गॉसला ते थोडं ओढता येतं, पण कडेला टोकं फुटतील इतकं नाही. कातडं सैल व्हावं म्हणून भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, तर लोहद्रवाचा बारीक भुसा होऊन सगळं पाणी चहासारखं झालं. निबंधातल्या थेंबांचं कातडं याच्या हजारो पटींनी सैल होतं. ते वेगळ्या पद्धतीने केलेले होते: पाण्यातल्या लोहद्रवात मीठ घातलं की त्यातून घट्ट लोहद्रवाचे सूक्ष्म थेंब सुटे होतात, बाहेरही पातळ लोहद्रवच, म्हणून मधलं कातडं नावापुरतं. पाण्यातला लोहद्रव! ती चुकीची बाटली कपाटातून निघाली.

11 फेब्रुवारी

दिवसभरात नऊ बाटल्या खराब. मीठ जास्त झालं की थेंबांऐवजी गाळ. गाळ काचेवर शिजलेल्या चहापत्तीसारखा दिसतो आणि चुंबक लावला तरी आकार धरत नाही. मीठ कमी पडलं तर काहीच नाही, नुसता तपकिरी रंग. दहाव्या बाटलीत खारं पाणी सुईच्या सिरिंजने एकेक थेंब टाकलं, प्रत्येक थेंबानंतर पाच मिनिटं थांबून काचपट्टीवर बघितलं. मग एका टप्प्यावर तपकिरी भागात काळे गोल ठिपके दिसले.

बघायला 1,600 रुपयांचा यूएसबी मायक्रोस्कोप, वरून. खाली एलईडी. आमच्या कॉइलींना वर-खाली मोकळी जागा आहे, त्याचा इथे फायदा झाला. काच आणि कव्हरस्लिपच्या मध्ये फट ठेवायला मोटरच्या स्लॉटमध्ये घालतो ती मिलिनेक्सची (प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची) पट्टी, कडा नेलपॉलिशने बंद. पॉलिश आधी लावलंच नव्हतं, एलईडीच्या उबेने अर्ध्या तासात पाणी सुकून दोन चांगल्या पट्ट्या गेल्या.

18 फेब्रुवारी

सकाळी सातला सुरुवात केली. काचपट्टीवर पन्नासेक मायक्रॉनचे थेंब, इकडे-तिकडे सरकणारे. 100 हर्ट्झ, व्हॉल्यूम शून्यावरून.

10 गॉसच्या आसपास थेंब लांबला. मी आधी चौकट पाव वळण फिरवली. थेंब चौकटीबरोबर वळला नाही, आपल्या आपण सावकाश फिरत राहिला. क्षेत्र सेकंदाला शंभर फेऱ्या घेतंय आणि हा एक फेरी घ्यायला काही सेकंद लावतोय. पुतणीने माझा हात धरला, काही बोलली नाही. अळी, खरी.

व्हॉल्यूम वाढवला तशी अळी आखूड होऊन जाड झाली. मधली चपटी गोल अवस्था निबंधात स्पष्ट आहे, आम्हाला स्पष्ट दिसली असं म्हणणार नाही. एका थेंबात काही क्षण दिसली, बाकीच्यांत ते एकमेकांना चिकटत होते.

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण असताना सगळ्यात मोठ्या थेंबाची कड लहरी झाली. कडेवर आधी दोन ठिकाणी फुगवटे, मग पाच, आणि ते हळूहळू टोकदार झाले. पडद्यावर सहा टोकांचा काळा तारा सावकाश फिरत होता. एक टोक बाकीच्यांपेक्षा आखूड होतं. दीड मिनिट टिकला, मग बाजूचा थेंब येऊन त्यात मिसळला आणि सगळं एकत्र झालं.

पुतणी म्हणाली, "काका, वर्तुळ." काचपट्टी काढून सेन्सर मध्यात ठेवले, ऑसिलोस्कोप लावला. गोल होतं.